हात ढिला सोडा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा उजवा हात हलला. मी तो हलवला नव्हता. डोक्याशेजारी टक् असा आवाज झाला, कुणीतरी टाळूवर टिचकी मारावी तसं जाणवलं, आणि पाच महिने खांद्याला लटकून असलेला, जेवायला सोबत बसणारा पण घास उचलायला मदत न करणारा माझा हात मनगटापाशी वर उचलला गेला. दोन बोटं जराशी फाकली. मग सगळं पुन्हा होतं तसं उशीवर पडून राहिलं. "आलं!" मोजमाप करणारी ओइकावासान जवळजवळ ओरडलीच, आणि मोजणाऱ्याने आनंद दाखवायचा नसतो हे आठवून लगेच म्हणाली, "म्हणजे, नोंद झाली." मी "आभारी आहे" म्हणालो. कुणाचे आभार मानले ते मला अजून कळलेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मोठी बातमी मिळते तेव्हा त्याच्या मनात काय यावं याला काही नियम नाही. मला खिडकीखालून जाणारी ट्राम दिसत होती, आणि ट्राममध्ये उभ्या असलेल्या एका बाईच्या पिशवीतून वर आलेला मुळा. त्या मुळ्याकडे पाहत मी मनात म्हणत होतो की रस्ता जिवंत आहे.

रस्ता हा शब्द डॉक्टर हिराकावांचा. जूनमध्ये मला पक्षाघात झाला, जीभ आणि पाय हळूहळू परत आले, हात काही आला नाही. डॉक्टरांनी मला कागदावर एक डोकं आणि एक हात काढून दाखवला होता. डोकं बरं जमलं होतं, हात मात्र ऑक्टोपससारखा दिसत होता. "इथून इथवर रस्ता आहे," ते म्हणाले. "तो तुटलाय की नुसता बंद पडलाय हे बाहेरून कळत नाही. म्हणून आम्ही वरून चुंबकाचा झटका देतो. खाली मनगटाच्या स्नायूने उत्तर दिलं तर रस्ता आहे. नाही दिलं तर..." आणि त्यांनी पेनचं टोपण लावलं. रुग्णालयात हाताच्या व्यायामाचा बारा आठवड्यांचा वर्ग होता, रोज चार तास, आणि त्यात एकच जागा उरली होती. ज्यांचा रस्ता जिवंत त्यांनाच ती मिळायची, कारण तुटलेल्या रस्त्यावर रोज चार तास चालायला लावणं म्हणजे छळ. हे मला पटलं होतं. मोजायची रीतही सरळ होती. डोक्यावर चौकटी आखलेली पोहण्याची टोपी, तिच्यावर एका ठरलेल्या खुणेवर धरलेलं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं कडं, मनगटाला चिकटवलेल्या तारा, आणि पडद्यावर आकडा. आकडा पन्नासला पोचला तर उत्तर आलं असं धरायचं. दहा झटके. पाच उत्तरं आली तर पास. आणि हे सगळं एकेका आठवड्याच्या अंतराने तीनदा. तीनपैकी दोनदा पास झालात तर जागा तुमची.

"तीनदा का?" मी विचारलं होतं.

"कारण एकदा मोजलेलं काहीच खरं धरू नये," डॉक्टर म्हणाले, आणि त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मी अडतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो. मासळीबाजारातले, तांदळाच्या दुकानांतले, टपाल कचेरीतले, एकदा तर सुमोच्या आखाड्यातले काटे मी तपासले आहेत. तेच वजन त्याच काट्यावर तीनदा ठेवायचं, आणि तिन्हीदा तोच आकडा आला तरच शिक्का मारायचा. लोकांना वाटतं की काट्याने खरं बोलावं. आम्हा लोकांची अपेक्षा त्याहून कमी असते. त्याने काय बोलायचं ते बोलावं, पण दर वेळी तेच बोलावं. नेहमी पाच ग्रॅम जास्त दाखवणाऱ्या काट्याशी संसार करता येतो. कधी पाच जास्त, कधी तीन कमी, अशा काट्याशी नाही. हे मी तोमोएला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि तिने ते माझं प्रेमाचं बोलणं आहे असं धरलं होतं. तिचा स्वभाव चांगला.

तर पहिल्या मंगळवारी मला त्सुशिमाने मोजलं होतं. त्सुशिमा चाळिशीचा, जाड मानेचा, कामात चोख. तो बोलत नाही. "हात ढिला," एवढं एकदा म्हणतो, तेसुद्धा उपाहारगृहात शेवयांची ऑर्डर आत कळवावी तसं, आणि मग टक्, टक्, टक्. दहा झटक्यांत एकही उत्तर आलं नाही. आकडे वीस, अठरा, एकतीस असे काहीतरी. तोमोए दाराशी मांडीवर कोट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अजून दोनदा आहे ना." दुसऱ्या मंगळवारी ओइकावासानने मोजलं, आणि दहापैकी नऊ आली. तेच डोकं, तीच टोपी, तीच खूण, तेच यंत्र. एका आठवड्यात रस्ता तयार होत नाही. आमच्या गावात तर खड्डाही बुजत नाही. कुणीतरी एक चुकत होतं, आणि हे फक्त माझ्याच बाबतीत नव्हतं. ओइकावासान आम्हाला ट्रामपर्यंत सोडायला आली, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं. तिचे आणि त्सुशिमाचे आकडे चार महिने जुळत नव्हते. तिच्या हाती माणसं पास होत, त्याच्या हाती नापास. दोन माणसांनी मोजलं तर माप तेच येतं का, हाच तर तिच्या प्रबंधाचा विषय. त्यांनी सकाळची वेळ बदलून पाहिली, खोली गरम करून पाहिली, रुग्णांची कॉफी बंद करून पाहिली. "कॉफी बंद केल्यावर फक्त तक्रारी वाढल्या," ती म्हणाली. ती युनोकावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी असलेल्या एका जुन्या अतिथिगृहातली मुलगी. तिची आई तिथली मालकीण. चार महिन्यांच्या आकड्यांची वही ती छातीशी धरून उभी होती, आणि ट्राम आल्यावर तिने आम्हाला इतकं खाली वाकून निरोप दिला की वही पडली.

घरी तोमोएने त्या दिवशी लाल घेवडा घालून भात केला. ती तसं म्हणाली नाही, पण आमच्याकडे तो भात चांगल्या बातमीलाच होतो. मी डाव्या हाताने चमच्याने खाल्ला. काटेकोरपणे सांगायचं तर मला उजवा हात कशासाठी हवा होता? लिहायला मी डाव्या हाताने शिकलो होतो, अक्षर लहान मुलासारखं यायचं, त्यामुळे मुलीला माझी पत्रं पहिल्यांदाच गोड वाटू लागली होती. शर्टाची बटणं तोमोए लावायची. खरी गोष्ट संत्र्यांची होती. तोमोएला संत्री फार आवडतात, पण सालीच्या रसाने तिच्या बोटांना खाज सुटते, पुरळ येतं. म्हणून एक्केचाळीस हिवाळे तिची संत्री मी सोलत आलो. पांघरूण घातलेल्या ठेंगण्या मेजाखाली, शेगडीच्या उबेत पाय घालून समोरासमोर बसायचं, मी सोलायचं, वरचे पांढरे दोरेसुद्धा काढायचे, तिने टीव्ही पाहत खायचं. त्याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. नोव्हेंबरात बाजारात संत्री आली तेव्हा मी म्हटलं, "पेटी आणायची ना?" ती म्हणाली, "नको. आता मला तितकीशी आवडत नाहीत." तीस टक्के लोकांना पक्षाघातानंतर उदासी येते असं रुग्णालयाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. बायकोला संत्री आवडेनाशी होतात हे त्यात लिहिलेलं नाही.

भात खाताना मात्र मला दुसरंच काही आठवू लागलं, आणि ते काही केल्या जाईना. आमच्या सकाळच्या बाजारात पर्यटकांसाठी एक ताटली मिळते. भातावर नुकताच मारलेला माकूळ ठेवतात, वरून सोयासॉस ओततात, आणि त्याचे पाय नाचायला लागतात. मिठामुळे तसं होतं. टोकियोहून आलेल्या मुली किंचाळतात, फोटो काढतात. माकूळ मेलेला असतो, नाचत असतो. तपासणीच्या फेरीत मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या मंगळवारनंतर मला प्रश्न पडू लागला, माझा हात कोणत्या प्रकारे हलला? रस्त्यावरून कुणी चालत आलं की वरून नुसता सॉस पडला? नऊ उत्तरं आली हे खरं, पण उत्तर कोण देत होतं? मी हाताकडे पाहिलं. तो भाताच्या वाटीशेजारी झाकण पालथं ठेवावं तसा पडला होता. मी त्याला मनात विचारलं, तू होतास का रे? तो काही बोलला नाही. नेहमीप्रमाणेच.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. तिसऱ्या मंगळवारची वेळ नक्की करायला ओइकावासानचा होता. बैठकीच्या खोलीतला आमचा फोन अजून वायरचा आहे, आणि तोमोए तो दोन्ही हातांनी धरते. "हो, हो, दहाला. नाही नाही, आमच्यामुळे तुम्हालाच..." दर वाक्याला ती फोनला वाकून नमस्कार करत होती. फोनच्या वर भिंतीवर आमच्या बँकेचं कॅलेंडर आहे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती बँकेलाच नमस्कार करते आहे असं वाटलं असतं. मी म्हटलं, "आई, फोनला दिसतं का ते?" मुलगी साप्पोरोला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आम्ही एकमेकांना आई-बाबाच म्हणतो. तोमोए रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "दिसत नाही, पण ऐकू येतं. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात." आणि तिने रिसीव्हर माझ्या डाव्या कानाला लावला. "इवाबुचिसान," ओइकावासान म्हणाली, "माफ करा हं, थोडा त्रास देते." एवढंच. पुढे ती टोपीच्या मापाबद्दल काहीतरी बोलली ते मी ऐकलं नाही. कारण ते "माफ करा हं" कानात पडताच माझी मान आपोआप पुढे झुकली होती, "छे छे, त्रास कसला" या अर्थाने, जशी ती लहानपणापासून झुकत आलेली आहे, आणि मान झुकली तेव्हा पांघरुणावर पडलेल्या माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट तांदळाच्या दाण्याएवढं आत वळलं होतं. तोमोए माझ्या तोंडाकडे पाहत होती. बोट फक्त मी पाहिलं.

मी रिसीव्हर ठेवायला सांगितला आणि बराच वेळ कॅलेंडरकडे पाहत बसलो. अडतीस वर्षांत असे क्षण मला पाच-सहा वेळा आले असतील. काटा चुकतो आहे हे माहीत असतं, का ते माहीत नसतं, आणि मग एकदम दिसतं की काट्याच्या पायाखाली खोबणीत तांदळाचा दाणा अडकलाय. ओइकावासान प्रत्येक झटक्याच्या आधी म्हणते, "माफ करा हं." दहा झटके, दहा वेळा. अतिथिगृहात वाढलेली मुलगी दुसऱ्याच्या डोक्याला हात लावण्याआधी दुसरं काय म्हणणार? आणि खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस, साठ-सत्तर वर्षं वाकत आलेला, दहा वेळा मनातल्या मनात वाकतो. दिसेल इतकं नाही. पण मान ताठते, खांदा हलतो, आणि सगळा हात खडबडून जागा होतो, कुणी वरिष्ठ खोलीत आल्यासारखा. तेवढ्यात वरून झटका पडतो. जाग्या हाताचं उत्तर मोठं येणारच. तारा मनगटाला होत्या, वाकणं मानेत होतं, म्हणून यंत्राला ते दिसलं नाही. आणि त्सुशिमा कुणाची माफी मागत नाही, म्हणून त्याच्या हाती सगळे झोपलेले. चार महिने ते खोलीचं तापमान मोजत होते. दोष सौजन्याचा होता.

खात्री करून घ्यावी म्हणून मी संध्याकाळी तोमोएला म्हणालो, "आई, माझी माफी माग."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. नुसती माग."

"एक्केचाळीस वर्षांत मागितली नाही, आता आजारी माणसाची मागू? लोक काय म्हणतील?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. मग मी एकट्यानेच मान झुकवून पाहिली. काही झालं नाही. ठरवून वाकलं तर हात फसत नाही. वाकणं आतून यावं लागतं, आणि ते आपल्याला कळायच्या आधी यावं लागतं. म्हणजे मी मुद्दाम लबाडी करू शकलो नसतो हे खरं, पण मंगळवारी ओइकावासान पुन्हा तेच म्हणेल, मी पुन्हा तसाच वाकेन, नऊ उत्तरं येतील आणि जागा मला मिळेल हेही तितकंच खरं. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

त्या चार दिवसांत मला सावाबाईची फार आठवण आली. सावाबाई मासळीबाजारातली, सत्तरीची, तिचा काटा मी एकदा नापास केला होता. काटा उत्तम होता. पण तोलताना ती परडीच्या कडेवर तळहात ठेवायची, हलकाच, नातवाच्या पाठीवर ठेवावा तसा. लबाडी नव्हती. तिला ते ठाऊकही नव्हतं. मी तिला सांगितलं तेव्हा ती हाताकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "साहेब, नापास करायचं तर मला करा. काट्याने काय केलं?" आमच्या फॉर्मवर बाईला नापास करायचा रकाना नव्हता, म्हणून मी काट्याला केलं. बाजारातले लोक हसले. त्या रात्री मी घरी येऊन हे तोमोएला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. आता मला वाटतं, मासा तर परडीत पडून असतो, त्याला हात ठेवला काय, न ठेवला काय. पण समजा मासाच वाकून नमस्कार करायला लागला, तर निरीक्षकाने काय करावं? नियमावलीत ते नाही. आणि समजा निरीक्षकच मासा असला? हे मी शनिवारी संध्याकाळी न्हाणीघरात बसून विचार करत होतो, तोमोए माझी पाठ घासत होती. तिच्या खांद्यातून कट् असा आवाज आला. मला उचलून उचलून तो खांदा गेला आहे. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "लाकूड वाजलं."

मंगळवारी खोलीत सगळेच होते. तिसरं मोजमाप म्हणून डॉक्टर स्वतः आले होते, त्सुशिमा पडद्याशी होता, ओइकावासान कडं घेऊन उभी होती, तोमोए दाराशी. टोपी चढवून झाली. मनगट पुसून तारा चिकटवून झाल्या. ओइकावासानने तोंड उघडलं, आणि ती "मा" म्हणायच्या आत मी म्हणालो, "डॉक्टर, गेल्या मंगळवारचं माप बाद करा."

कुणालाच काही कळलं नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. फोन, मान, तांदळाचा दाणा, सगळं. बोलत असताना माझा आवाज अगदी सरकारी होत गेला, हे मला ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर त्यात थोडी ऐटही होती. माणूस प्रामाणिकपणा करतो तेव्हा आपण कसे दिसत असू हे त्याला माहीत असतं.

ओइकावासान लालबुंद झाली. "मी सगळ्यांनाच म्हणते," ती अगदी हळू म्हणाली. "आईने शिकवलंय. पाहुण्याच्या अंगाला हात लावायच्या आधी... मला वाटलं, नुसता धक्का दिला तर उद्धट वाटेल."

"चार महिने!" त्सुशिमा म्हणाला. मी त्याला पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलताना ऐकत होतो. "चार महिने मी रोज सकाळी या खोलीचं तापमान लिहितोय!"

"एकदा म्हणून करा, एकदा न म्हणता," डॉक्टर म्हणाले. "माफ करा हं," ओइकावासान म्हणाली, टक्, दोनशे बारा. मग तिने ओठ घट्ट मिटले, टक्, एकतीस. पुन्हा. एकशे नव्वद. अठ्ठावीस. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चार महिन्यांचं कोडं सुटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर आनंद दिसावा, पण त्यांच्या चेहऱ्यावर याच मोजमापावर पास होऊन खालच्या मजल्यावर व्यायाम करणारे अकरा लोक दिसत होते.

"जे वर्गात आहेत ते आहेत," ते शेवटी म्हणाले. "मी कुणाला बाहेर काढणार नाही."

"म्हणजे या खरेपणाचा फटका फक्त मला बसणार."

"सध्या तरी तसं दिसतंय."

"न बोलता बसला असतात तर सोमवारी खाली असतात," त्सुशिमा म्हणाला. आज तो थांबतच नव्हता.

"माहीत आहे."

"यांना सगळं माहीत असतं," दाराशी तोमोए म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. ती मांडीवरच्या कोटाची बाही गुंडाळत होती आणि उलगडत होती.

डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. ते म्हणाले की त्सुशिमाचंही माप बाद, कारण झोपलेल्या माणसाला हाक मारून तो मेला असं ठरवता येत नाही. चूक प्रश्नातच होती. "आम्ही सगळ्यांना सांगतो, हात ढिला सोडा. ढिल्या हाताला काय विचारायचं? आता कुणी काही बोलणार नाही. तुम्ही मनगट वर उचलायचा प्रयत्न करायचा, दर वेळी सारखा, आणि मी झटका देणार. पन्नासला पोचलं तर उत्तर. दहात पाच. आजचं एकच धरायचं, यादी आज संध्याकाळी वरिष्ठांकडे जायची आहे."

"प्रयत्न म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. पाच महिने सगळे जण माझा हात हलवत होते. व्यायामवाली मुलगी, परिचारिका, तोमोए, शेवटी चुंबक. मी स्वतः त्याला एकदाही काही सांगितलं नव्हतं. जूनमध्ये पहिल्या दोन दिवसांत एकदा सांगितलं असेल, तो हलला नाही, आणि मग मी परत विचारलं नाही, कारण न विचारलेल्या गोष्टीला नकार येत नाही. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि ते कळणं गेल्या मंगळवारच्या टिचकीपेक्षा जोरात होतं. मी डोळे मिटले. आत हात शोधायला लागलो. खांद्यापर्यंत सगळं ओळखीचं, कोपरापर्यंत अंधूक, पुढे काही नाही. जिथे तीस वर्षं राहिलो त्या घरात वीज गेल्यावर भिंतीवरून बोटं फिरवत बटण शोधावं तसं. बटण कुठे असतं ते बोटांना ठाऊक असतं, आपल्याला नाही. आणि इथे तर बोटांनाच शोधायचं होतं. मला आमच्या प्रमाणित वजनांची पेटी आठवली, आत मखमल, पितळी वजनं, ती उघड्या बोटांनी उचलायची नाहीत, घामाने वजन वाढतं. हातमोजे घालून एक किलोचं वजन मी हजारो वेळा उचललं असेल. ते उचलण्याआधी, मनगट वळण्याआधी, एक क्षण असायचा. त्या क्षणात अजून काही झालेलं नसायचं आणि तरी वजन जवळजवळ उचललेलं असायचं. मी तो क्षण शोधायला लागलो. घाम आला.

टक्. "बासष्ट," त्सुशिमा म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. टक्. "अठरा." क्षण निसटला होता. टक्. "पंचावन्न." टक्. "चाळीस." टक्. "एकाहत्तर." ओइकावासानच्या श्वासाचा आवाज येत होता. टक्. "बावीस." टक्. "पस्तीस." मी दमलो होतो, पाच महिन्यांत इतका कधी दमलो नव्हतो. टक्. "अठ्ठावन्न." चार झाली. टक्. "बारा." डॉक्टर म्हणाले, "थोडं थांबू या?" मी नाही म्हणालो. थांबलो तर तो क्षण परत सापडणार नाही अशी भीती वाटली. मी सगळं गोळा केलं, जे काही होतं ते, आणि खाली ढकललं. मनगटाच्या आत कुठेतरी, खोल, कुणीतरी कूस बदलल्यासारखं झालं. झटक्याच्या आधी. ते माझं होतं.

टक्.

त्सुशिमा पडद्याकडे वाकला. "एकोणपन्नास," तो म्हणाला.

खाली ट्राम येऊन थांबल्याचं ऐकू आलं, दारं उघडली, मिटली. डॉक्टरांनी पेन उचललं. "या यंत्रात एक-दोनची चूक असतेच," ते म्हणाले, कागदाकडे पाहत, कुणालाही उद्देशून नाही. आणि अडतीस वर्षं माझ्या घशात तयार असलेलं वाक्य आपोआप वर आलं. चूक असते साहेब, पण ती दोन्ही बाजूंना असते. ते पन्नास असेल तसं अठ्ठेचाळीसही असेल. हे मी मासळीबाजारात म्हटलं आहे, तांदळाच्या दुकानात म्हटलं आहे, माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या दुकानात म्हटलं आहे, आणि तो त्यानंतर सहा वर्षं आमच्याकडे नवीन वर्षाला आला नव्हता. मी तोंड उघडलं.

"बाबा," तोमोए दाराशी म्हणाली. "गप्प बसा."

तिचा आवाज मोठा नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या हाताकडे पाहत होती. कोट खाली पडला होता, तो तिने उचलला नव्हता.

मी तोंड मिटलं. मिटायला वेळ लागला. डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांनी कागदावर पाच लिहिलं, खाली सही केली, आणि म्हणाले, "सोमवारी नऊ वाजता, खालचा मजला. सैल कपडे घालून या." तोमोएने पर्समधून वही काढून ते लिहून घेतलं, सैल कपड्यांसकट. ओइकावासान माझ्या मनगटाच्या पट्ट्या सोडवायला वाकली. पडद्यावर एकोणपन्नास अजून तसाच होता. मी त्याच्याकडे पाहत होतो, त्सुशिमाही पाहत होता. मग त्याने हात लांब करून पडदा बंद केला.